ओबडधोबड मोती : बरोक कला व संगीत यांची ओळख

चारमिनारच्या परिसरातील मोत्यांच्या पेढ्यांवर जो कधी गेला असेल, त्याला हे दृश्य परिचयाचे असेल. जव्हेरी पाणीदार आणि वाटोळे मोती निवडून एका बाजूस ठेवतो. कोठे फुगीर, कोठे चेपलेले, वाकडेतिकडे मोती दुसऱ्या बाजूस सारतो. अशा बेढब मोत्याला पोर्तुगीज भाषेत 'बारोको' म्हणतात, आणि युरोपातील एका संपूर्ण कलायुगाला 'बरोक' हे नाव ह्याच शब्दावरून पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे नाव कौतुकाने दिलेले नव्हते. अठराव्या शतकातील मोजक्या, संयमी अभिरुचीच्या टीकाकारांना आधीच्या पिढ्यांची कला फार वळणावळणाची, फार भावनाविवश आणि अतिशय अलंकृत वाटली. तिला हिणवावे म्हणून त्यांनी हा शब्द योजिला. पुढे निंदेचे तेच नाव मानाचे ठरले.

प्रिय वाचकहो, हैदराबादेतील आपल्या मराठी कुटुंबांना ह्या दूरदेशीच्या कलेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ह्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय. ही कला आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. तिचे एक मंदिर आपल्या गोवळकोंड्याच्या निमित्ताने उभे राहिले. तिच्या घंटा आजही गोदावरीच्या व कृष्णेच्या काठी आहेत. आणि तिचे संगीत आपल्याच किनारपट्टीवरील माणसांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी इतके उत्तम गायिले की, ऐकणाऱ्याला आपण रोममध्ये आहोत असे वाटले. ह्या ठेव्याची ओळख नसल्यामुळेच आपण तो कधी परका समजून दूर लोटतो, तर कधी जुनाट म्हणून अडगळीत टाकतो.

उंबरठ्यावरची कला

बरोक युग स्थूलमानाने इ. स. १६०० ते १७५० असे मानतात. त्याचे एक मूळ त्रेंतच्या धर्मपरिषदेत आहे. ही परिषद १५४५ ते १५६३ ह्या काळात भरली. शेवटच्या वर्षी, डिसेंबर १५६३ मध्ये, तिने पवित्र चित्रे व मूर्ती ह्यांविषयी निर्णय दिला. चित्रे राहावीत, परंतु त्यांनी लोकांना शिकवावे व त्यांच्या मनात भक्ती जागवावी, असा त्याचा आशय होता. बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा विद्वानालाच उमजेल अशी नव्हे, तर दारातून आत आलेल्या शेतकऱ्याला पहिल्या दृष्टिक्षेपात भिडेल अशी कला हवी होती.

अशी कला देणाऱ्यांत काराव्हाज्जो (१५७१–१६१०) ह्या चित्रकाराचे नाव पहिल्याने घ्यावे लागते. रोममधील संत लुईच्या ख्रिस्तमंदिरात त्याने १५९९–१६०० च्या सुमारास संत मत्तयाच्या पाचारणाचे चित्र रंगविले. अंधाऱ्या खोलीत जकातदार पैसे मोजीत बसले आहेत. उजवीकडून प्रभू येशू आत येतो, हात पुढे करतो, आणि त्याच्या हाताच्या दिशेनेच प्रकाशाची एक तिरीप भिंतीवरून सरकत जाते. बाकी सारे काळोखात. चित्रकाराने काळोख एवढा गडद केला नसता, तर त्या तिरिपेचा अर्थ आपल्याला कळला नसता. छायाप्रकाशाचा हा विरोध बरोक चित्रकलेचा प्राण आहे.

त्याचेच दुसरे चित्र रोममधील संत ऑगस्टीनच्या मंदिरात आहे. गिलावा उडालेल्या भिंतीच्या एका साध्या घराच्या उंबरठ्यावर पवित्र मरिया बाळाला कडेवर घेऊन उभी आहे आणि तिच्यापुढे दोन वृद्ध यात्रेकरू गुडघे टेकून बसले आहेत. पुरुषाची अनवाणी, धुळीने माखलेली पावले नेमकी पाहणाऱ्याच्या तोंडासमोर येतात. वेदीवरील चित्रात असली पावले पाहून त्या काळी लोकांत मोठी खळबळ उडाली. आषाढीला पंढरपुरात पोहोचलेल्या वारकऱ्याची पावले ज्याने पाहिली आहेत, त्या मराठी माणसाला मात्र हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

काराव्हाज्जोने रंगात केले तेच बेर्निनीने (१५९८–१६८०) संगमरवरात व वास्तुरचनेत केले. संत तेरेजाच्या समाधी-अवस्थेची त्याची मूर्ती (१६४७–५२) ज्या कोनाड्यात आहे, त्याच्या वरच्या बाजूस त्याने एक खिडकी लपविली आहे. तीतून येणारा उजेड सोनेरी किरणांच्या शिल्पावर उतरतो. कोठून येतो हे दिसत नाही. संत पेत्राच्या महामंदिरासमोरील चौकाभोवती त्याने १६५६ ते १६६७ ह्या काळात २८४ खांबांच्या दोन वर्तुळाकार ओवऱ्या उभारिल्या. आई जशी दोन्ही हात पसरून लेकराला जवळ घेते, तशी ख्रिस्तसभा सर्वांना कवेत घेते, अशी त्यामागील कल्पना होती. बरोक कलाकार पाहणाऱ्याला दूर उभे राहू देत नाही, हे ह्यावरून ध्यानी येईल. तो त्याला प्रसंगाच्या आत ओढून घेतो.

गोवळकोंड्याला निघालेले धर्मगुरू

ज्या परमगुरू आठवे उर्बन ह्यांनी तरुण बेर्निनीकडून संत पेत्राच्या वेदीवरील प्रचंड कांस्यछत्र करवून घेतले (१६२४–३३), त्यांच्याच कारकिर्दीत थिएटाइन ह्या इटालियन संघाचे काही धर्मगुरू हिंदुस्थानात पाठविण्यात आले. त्यांना जावयाचे होते गोवळकोंड्याला. त्या वेळी येथे अब्दुल्ला कुतुबशहाचे (१६२६–७२) राज्य होते आणि येथील हिऱ्यांची कीर्ती युरोपभर पसरली होती. परंतु गोवळकोंड्यात त्यांचे बस्तान बसले नाही, आणि १६४० साली ते गोव्यात स्थायिक झाले.

तेथे त्यांनी जे मंदिर बांधिले, ते जुन्या गोव्यातील संत कायेतानचे मंदिर होय. त्याचे अधिकृत नाव दैवी कृपाछत्राच्या मातेच्या नावे आहे. १६६१ साली ते पुरे झाले. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचा आदर्श पुढे ठेवून ते रचिले गेले: तसेच भव्य स्तंभ, तसाच मध्यावरील अर्धगोल घुमट. घुमटाखाली उभे राहून वर पाहिले म्हणजे बाहेरचा उजेड गोल फिरत खाली उतरतो, आणि रोमला न जाताही बरोक म्हणजे काय ह्याचा अनुभव येतो. त्या धर्मगुरूंना इच्छित स्थळी आसरा मिळाला असता, तर असे एखादे मंदिर कदाचित मुसी नदीच्या काठी दिसले असते.

जवळच बोम जेझूचे मंदिर आहे. त्याचा पाया १५९४ साली घातला गेला व १६०५ साली त्याचे पवित्रीकरण झाले. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र देहावशेषांचे जे दर्शन झाले, त्याला लाखो भाविक गेले. त्यांतील किती जणांनी नेहमीच्या जागेवरील समाधी निरखून पाहिली असेल? वरची चांदीची पेटी गोव्यातील सोनारांनी १६३६–३७ मध्ये घडविली. तिच्यावर संतांच्या चरित्रातील बत्तीस प्रसंग आहेत. खालचा रंगीत संगमरवराचा चबुतरा व त्यावरील कांस्यपट हे फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी ह्याचे काम. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो ह्याला संतांच्या मस्तकाखालची उशी भेट मिळाली होती. तिची उतराई म्हणून त्याने ही समाधी करवून पाठविली. दहा वर्षे काम चालले. सुटे भाग जहाजाने आले आणि त्यांच्याबरोबर आलेल्या रांपोनी ह्या शिल्पकाराने १६९८ साली ते जुळवून उभे केले. एकाच समाधीत इटलीचा संगमरवर आणि गोव्याची चांदी एकमेकांवर विसावली आहेत.

आपल्या हातांचे काम

गोव्याच्या मंदिरांतील सोन्याचा वर्ख दिलेल्या उंच लाकडी वेद्या, वेलबुट्टीने भरलेले खांब, हस्तिदंती मूर्ती हे सारे येथील सुतार, सोनार व मूर्तिकारांनी घडविले. त्यांत हिंदू कारागीरही होते. कारण ख्रिस्ती मूर्तींचे काम त्यांना देऊ नये, असा निर्बंध १५६७ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेला घालावा लागला. जे घडतच नव्हते त्याला मनाई कशाला केली असती? काही प्रवचनपीठांच्या तळाशी मानवी मुखाच्या व सर्पाकार पुच्छाच्या आकृती कोरलेल्या आहेत. युरोपातील जलकन्येचा नमुना पुढे ठेवून कोरताना कारागिराच्या हातून आपल्या परिचयाची नागकन्या उमटली.

उलट दिशेनेही हा प्रवाह वाहिला. फोंडे परिसरातील कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ १७३८ च्या सुमारास छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम ह्यांच्या साहाय्याने उभे राहिले. त्याचा घुमट, भिंतीत अर्धे रुतलेले स्तंभ, कमानदार खिडक्या आणि आतील झुंबरे पाहिली म्हणजे गोव्यातील बरोक शैली देवळाच्या अंगणापर्यंत कशी पोहोचली हे कळते. कुलदेवतेच्या दर्शनाला जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी अशा रीतीने बरोक पाहिलेले आहे. फक्त त्याचे नाव त्यांस ठाऊक नसते.

घंटांची कथा तर ह्याहूनही सर्वश्रुत आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठे सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. एका समाजाचा तो पराभव होता, दुसऱ्याचा विजय. घंटा मात्र वितळविली गेली नाही, ती प्रार्थनेच्याच कामी राहिली. इतिहासाने दिलेले हे दान आपण कृतज्ञतेने स्वीकारावे.

संगीत : कीर्तनाचे दूरचे भावंड

बरोक संगीताचे नाव काढले की, ते साहेबांचे संगीत, आपल्याला कसे समजणार, असे म्हणून पुष्कळ जण बाजूस होतात. हा संकोच निराधार आहे. ह्या संगीताची तीन लक्षणे ध्यानी धरली तर ते आपल्या कानाला फार परके वाटणार नाही.

पहिले लक्षण म्हणजे सतत चालणारा खर्ज. वर गायक किंवा व्हायोलिन मुख्य सुरावट मांडते. खाली मोठ्या तंतुवाद्यावर खर्जाची ओळ अखंड चालू असते, आणि ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्ड वाजविणारा त्या ओळीवरून मधले स्वर आपल्या बुद्धीने भरीत जातो. आपला तंबोरा एका जागी स्थिर राहून आधार देतो. हा खर्ज पावले टाकीत आधार देतो, एवढाच भेद.

दुसरे लक्षण अलंकरणाचे. त्या काळच्या अनेक एकलगीतांत पहिला भाग शेवटी पुन्हा गावयाचा असे, आणि दुसऱ्या खेपेस गायकाने त्यात स्वतःच्या हरकती भराव्यात अशी अपेक्षा असे. मुखड्यावर परतताना आपला गवई तरी दुसरे काय करतो?

तिसरे लक्षण कथनाचे. संत फिलिप नेरी ह्यांच्या संघाच्या प्रार्थनागृहाला 'ओरातोरियो' म्हणत. तेथे भक्तिगीतांच्या व कथांच्या रूपाने जे गायिले जाऊ लागले, त्यालाही तेच नाव पडले. रोमचा संगीतकार जाकोमो कारिस्सिमी (१६०५–७४) ह्याने हा प्रकार प्रौढ केला. एक निवेदक पवित्र शास्त्रातील कथा गाऊन सांगतो, पात्रे आपापली वचने गातात, वृंद मध्येच उचलून धरतो. बुवा आख्यान लावतात आणि टाळकरी ध्रुपद उचलतात, त्याचे स्मरण ज्याला होणार नाही असा मराठी श्रोता विरळाच. त्याच शतकात, १६१६ साली, येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले. तारणाची सारी कथा मराठी ओवीत रचिलेला हा ग्रंथ वाचण्यापुरता नव्हता. तो मंदिरांतून गाऊन ऐकविला जाई. युरोपने ओरातोरियोतून जे साधले, ते आपल्या भाषेने ओवीतून साधले.

ह्या दोन धारा गोव्यात एकाच शहरात वाहत होत्या. १६६० नंतरच्या दशकात कार्मेलाइट संघाचे इटालियन धर्मगुरू जुझेप्पे दी सांता मारिया गोव्यास आले. तेथील एका सणाला त्यांनी उपासनासंगीत ऐकले. सात वृंद निरनिराळ्या ठिकाणी उभे राहून एकमेकांस उत्तरे देत होते. रचना कारिस्सिमीची आहे असे त्यांना सांगण्यात आले. आपण रोममध्येच आहोत असे त्यांना वाटले आणि ह्या देशीच्या गायकांचे संगीतातील नैपुण्य पाहून ते थक्क झाले, असे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. कारिस्सिमी त्या वेळी रोममध्ये हयात होता.

ती विद्या मेली नाही. धर्मग्रामांच्या शाळांतून गोव्याची मुले पिढ्यान् पिढ्या स्वरलेखन व व्हायोलिन शिकत राहिली. विसाव्या शतकात त्यांच्यातलेच वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटातील गाण्यात ज्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले, ते अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे माजोर्ड्याचे खरेखुरे व्हायोलिनवादक व संगीतरचनाकार होते. संगीतकार प्यारेलाल व राहुल देव बर्मन ह्यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले होते.

वैभव आणि गरिबी

येथवर प्रकाशाची बाजू सांगितली. आता छायेची सांगणे प्राप्त आहे, कारण काळोख झाकून प्रकाश दाखविणे हे बरोकच्याच विरुद्ध होईल. ज्या शहरात सात वृंद गात होते, त्याच शहरात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, धर्मन्यायालय चालू होते. १६८४ साली तेथील व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. वेदीवरील सोने सत्तेच्या ऐश्वर्याशी जोडलेले होते. ज्यांना ह्या कलेकडे पाहताना आधी हे दुःख आठवते, त्यांना आपण दोष देऊ नये.

दुसरा आक्षेप आपल्या घरातलाच आहे: गरिबांच्या ख्रिस्तसभेला एवढे वैभव शोभते काय? हा प्रश्न गंभीर आहे आणि ह्याला एका वाक्यात उत्तर नाही. परंतु बरोक संगीताच्या इतिहासातील दोन गोष्टी विचारात घ्याव्यात.

आंतोनिओ विवाल्दी (१६७८–१७४१) हा व्हेनिसचा संगीतकार धर्मगुरू होता. १७०३ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी तो 'पिएता' नावाच्या अनाथाश्रमात व्हायोलिनचा शिक्षक झाला. तेथील मुली जन्मतःच टाकून दिलेल्या होत्या. सज्जाच्या जाळीआड बसून त्या वाजवीत, आणि त्यांचे वादन ऐकण्यासाठी युरोपभरचे धनिक तेथे येत. विवाल्दीच्या कितीतरी श्रेष्ठ रचना ह्या अनाथ मुलींसाठी लिहिलेल्या आहेत. तो स्वतः व्हिएन्नात दारिद्र्यात वारला. त्याच्या हस्तलिखितांचा मोठा साठा १९२६ साली उत्तर इटलीतील एका सालेशियन विद्यालयात सापडला, तेव्हा जगाला त्याचे पुन्हा स्मरण झाले.

हँडेलच्या (१६८५–१७५९) 'मसीहा' ह्या ओरातोरियोचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन शहरात झाला. गर्दी मावावी म्हणून स्त्रियांनी घेरदार घागरे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती आगाऊ करण्यात आली होती. उत्पन्न दोन रुग्णालयांना व कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी दिले गेले, आणि १४२ कैदी मुक्त झाले.

वैभव गरिबाकडे पाठ करते तेव्हा ते पाप होय; पण गरिबाला सुंदर वस्तूची गरज नसते असे मानणे हाही त्याचा अवमानच आहे. स्वतःच्या घरी ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला देवाच्या घरी काहीतरी भव्य, काहीतरी सोनेरी आपले म्हणून पाहावयास मिळते. काराव्हाज्जोने ती धुळीची पावले थेट वेदीवर नेऊन ठेविली, त्याचे मर्म हेच.

पाहावे कसे, ऐकावे कसे

आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे आणि ही सारी दौलत फुकट ऐकता येते. प्रारंभ विवाल्दीच्या 'ग्लोरिया'पासून करावा. शब्द मिस्सातील महिमागीताचेच आहेत, म्हणून अर्थ आधीच ठाऊक असतो. प्रथम वरचा आवाज ऐकावा. दुसऱ्या खेपेस वरचे सोडून केवळ खर्ज ऐकावा. मग बाखकडे (१६८५–१७५०) वळावे. तो लूथरपंथी होता, तरी आयुष्याच्या अखेरीस त्याने लॅटिन मिस्साला जे संगीत दिले, ते आजही उपासनासंगीतातील एक शिखर मानले जाते. संपूर्ण रचना एकदम ऐकण्याचा हट्ट नको. रोज एक भाग पुरे.

पाहण्यासाठीही दूर जावयास नको. गनफाउंड्रीचे आपले संत योसेफ महामंदिर बरोक युगानंतर, एकोणिसाव्या शतकात, मिलानहून आलेल्या मिशनरी धर्मगुरूंनी उभारिले. तरीही त्याच्या दर्शनी भागासमोर उभे राहावे: दोन बाजूंचे घंटामनोरे, मध्यावर नजर खेचून घेणारे दार. येणाऱ्याने कोठून आत यावे हे दगडच कसे सांगतात, ते न्याहाळावे. मुलांना बरोबर न्यावे आणि उजेड कोणत्या वेळी कोठे पडतो, एवढेच त्यांना विचारावे.

आणि शेवटी एक विनंती. गावोगावच्या जुन्या ख्रिस्तमंदिरांची डागडुजी निघते, तेव्हा कोरीव वेदी काढून तेथे चकचकीत फरशी बसविण्याचा, जुनी घंटा भंगारात देऊन ध्वनिमुद्रित घंटानाद लावण्याचा, व्हायोलिन शिकलेल्या म्हाताऱ्या मास्तरांना विसरून यंत्रातील तयार ठेक्यावर भागविण्याचा मोह होतो. असा ठराव सभेपुढे आला, तर हात वर करण्यापूर्वी त्या वेदीपाशी थोडा वेळ बसावे आणि त्या मास्तरांना एकदा वाजविण्यास सांगावे. आपल्या धर्मग्रामात असे एखादे वृद्ध वादक असतील, तर येत्या सुट्टीत दोन मुले त्यांच्याकडे शिकण्यास पाठवावीत. स्वरलेखन वाचणारा शेवटचा माणूस गेल्यावर वही उरते, पण गाणे उरत नाही.